पावाच्या रांगेत

अस्मारा शहरात पावाच्या रांगेत लेतिना उभी होती. मागे दोन म्हाताऱ्या, एकेकाळच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या लढवय्या, गप्पांत रंगल्या होत्या.

"खंदकात कमांडर सगळ्यांच्या शेवटी जेवायचा, आठवतं?"

"न आठवायला काय झालं! आपल्या तुटक्या प्लॅस्टिकच्या सँडल तापल्या सुरीनं सांधून द्यायचा."

"आता जनरल झालाय. माझ्या पोराला, हाब्तोमला, कधी सोडणार, विचारायला गेले होते. फाटकावरच्या शिपायानं सँडल बघूनच हाकललं."

"हाब्तोम अजून सैन्यातच? सक्तीची नोकरी तर दीडच वर्षाची ना!"

"गेला तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं. परवा रजेवर आला, तर दाढी पिकलेली."

"हळू बोल गं, पुढची ऐकतेय."

लेतिना वळली. "बोला, आई. माझा नवराही तिथंच आहे."

हाब्तोमच्या आईनं तिचा हात धरला. "आमचं युद्ध निदान संपलं तरी, पोरी."