बाईंची स्कूटर

— नाही, त्या ‘धूर तपासणी केंद्र’ पाटीकडे बघू नका बाई, मीच रंगवलीय ती, तुम्ही शिकवलंत तेवढंच शुद्धलेखन आलं, बोलणंही साधंच, सांभाळून घ्या. बसा. लाल पेन पर्समध्येच राहू द्या. फोन करून बोलावलं कारण — सांगतो, आधी तुमचा खोकला थांबू दे. अजून चारलाच फिरायला जाता ना? वाटलंच — सकाळी गाड्यांची गर्दी, म्हणून दुपारी. अहो, नववीत तुम्हीच विचारलं होतंत, मोठ्या शहरात दुपारीच डोळे का चुरचुरतात, कारणे लिहा. मी लिहिलं, जेवण झाल्यावर झोप येते म्हणून. वर्ग हसला, तुम्हीही हसलात — हसलात हो, फळ्याकडे तोंड करून, खांदे हलत होते. मग माझी शाळा सुटली, उत्तर इथे कळलं, गाड्यांच्या मागे बसून. सकाळी सायलेन्सरमधून वायू निघतो, न जळलेल्या पेट्रोलची वाफ निघते, शेजारच्या गॅरेजातल्या थिनरचीही — आणि ऊन ते सगळं शिजवत बसतं. वारा पडला की वर झाकण. दुपारी डोळे-छाती जाळणारा ओझोन तयार. आणि नेमक्या पंगतीच्या वेळी तुम्ही हजर. दुसऱ्याला शिकवायचं आणि आपण —

हो, स्कूटर. काल पास झाली. चार वर्षं अशीच पास होतेय. तुम्ही त्या बाकावर पाठमोऱ्या पेपर वाचता, मी फोटो तुमच्या गाडीच्या नंबराचा काढतो आणि तपासणीची नळी — नळी माझ्या मोटरसायकलला लावतो. गाडी नवी आहे, धूर सोडत नाही. फक्त तुमच्याच वेळी, बाई, दुसऱ्या कुणासाठी नाही. तुमची पहिल्याच वर्षी नापास होती, टाकीचं झाकणही नीट बसत नाही, वास कोपऱ्यापर्यंत येतो. पण बाईंना नापास करायचं, आणि ते मी? हात धजेना. एका स्कूटरनं काय होतंय, म्हटलं. काल सर्टिफिकेट घेतलंत आणि त्या पायरीवर बसून दम्याचा पंप ओढलात — दोनदा. मी मोजलं.

आज सकाळी काय केलं? काही नाही, मोटरसायकल घरी ठेवली, चालत आलो. आता नळी लावायला तुमचीच गाडी आहे. मघाशी, तुम्ही आल्याआल्याच लावली. हा कागद — नापास. बाई? तोंड का फिरवलंत? खांदे — हसताय की… असू दे, नका सांगू. उठा. म्हणजे, नका उठू, गॅरेजपर्यंत मीच ढकलत नेतो. तुम्ही आत बसा, दार लावून. चार वाजायला आलेत.