धुतलेला सुरा

हॅलो? … हॅलो? अगं हो, मीच… आवाज लांबून येतोय कारण फोन जमिनीवर पडलाय. मी वाकून बोलतोय… नाकानं उचलला. हसू नकोस, खरंच नाकानं. दोन्ही हात अडकलेत.

नाही, जेवलो नाही अजून. जेवण राहू दे, तू ऐक… ऐक ना आधी! कोर्टातच आहेस ना? साक्ष झाली? … मधल्या सुट्टीनंतर. बरं. मग जरा बाजूला जा. जिन्याखाली वगैरे. आणि ओरडायचं नाही.

दाढी आलाय इथं.

हो, तोच, माझा जुना भिडू. आज ज्याच्याविरुद्ध तू साक्ष देणारेस ना, त्याचा थोरला भाऊ… आलाय म्हणजे पडलाय. माझ्या वर्कशॉपमध्ये, ग्राइंडरच्या शेजारी. मांडीत सुरा घुसला त्याच्या. रक्त धो धो वाहतंय आणि मी दोन्ही तळव्यांनी दाबून बसलोय.

जिवंत आहे. शिव्या देतोय म्हणजे जिवंतच आहे.

मला? मला काही नाही. दंडाला जरा लागलंय… जरा म्हणजे जराच गं… बरं बाई, आतलं पांढरं दिसतंय. झालं समाधान? ते नंतर बघू.

अँब्युलन्स तूच बोलाव. मी काय कानानं नंबर लावू? … हो, दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून कर. हा ठेवू नकोस. ठेवू नकोस हं!

… केलास? किती वेळ म्हणाले? … पंधरा मिनिटं? बाप रे.

पट्टा बांधला असता, पण एक हात काढला की चिळकांडी उडते. बघितलं काढून. तोंडावर आली माझ्या… हो, हो, दाबतोय. जोरातच दाबतोय.

सुरुवात कुणी केली? हे कोण विचारतंय, तू की तुझ्यातली फौजदार बाई? … दोघी. बरं, मग दोघींनी ऐका.

पहिला वार त्याचा. शटरखालून वाकून आत आला आणि म्हणाला, वहिनीला सांग, साक्ष द्यायची नाही. वहिनी म्हणतो तुला, मेला! मी म्हटलं, नीघ. त्यानं सुरा काढला. मी दंडावर घेतला, मग मनगट धरून पिरगाळलं. दोघंही आपटलो आणि सुरा त्याच्याच मांडीत गेला. इथपर्यंत माझी चूक नाही.

पुढे… पुढे मी उठलो, लोखंडी पाइप घेतला आणि पडलेल्या माणसाला मारलं. दोनदा. एक जबड्यावर, एक बरगड्यांवर. काडकन आवाज आला. … नाही, गरज नव्हती. त्याच्या हातात काहीच नव्हतं तेव्हा. … कारण बरं वाटलं गं! सहा वर्षांनी हात चालला आणि बरं वाटलं. त्याचीच भीती वाटतेय मला.

रडतेयस? … साहेब, रडू नका, वकील मंडळी बघतील.

थांब, अजून एक आहे. सुरा मी धुतला… अगं हो, धुतला! मांडीतून उपसला, फडक्यानं पुसला आणि बादलीत बुडवला, तापलेलं लोखंड गार करतो ना, त्या बादलीत. … माहितीय मला, त्याच्या बोटांचे ठसे होते! तेवढा एकच पुरावा होता माझ्या बाजूचा… सवय गं! बारा वर्षं तेच केलं. आधी हत्यार पुसायचं, मग पळायचं. हात आपोआप चालले. पाइपसुद्धा चकचकीत केलाय. तो इकडे रक्तानं भिजतोय आणि मी आपला बादलीपाशी! आपण खरे असलो तर पुसायचं नसतं, हे मला कुणी शिकवलंय?

दे, शिव्या दे. पोलीस ठाण्यात खाल्लेल्या तुझ्या पहिल्या थपडेपेक्षा बऱ्याच आहेत.

… बोलत राहू? काय बोलू? … सोमवारची हजेरी? तू ना! … बरं. सुटल्यावर दर सोमवारी ठाण्यात हजेरी लावायचो. मुदत संपली तरी येत राहिलो, आणि तूही गुपचूप रजिस्टर पुढे सरकवायचीस. चार महिने! तुझ्या हवालदाराला कळलं, चहावाल्याला कळलं, तुलाच तेवढं कळायला उशीर झाला.

गप रे दाढ्या! … काही नाही गं, हसतोय. म्हणतो, वाचलो की सांगेन, यानंच बोलावून घेतलं आणि भोसकलं. … हो ना, त्याचंच खरं मानतील. माझा रेकॉर्ड बघ, धुतलेला सुरा बघ. आणि आत्ता हात काढला तर सांगायला उरतोच कोण?

… आला विचार, म्हणून तर तुला सांगतोय! नाही काढत. … नाही म्हटलं ना. तुझ्या धाकानं नाही. मलाच नाही मारायचं कुणाला. शुक्रवारी तुझ्याशेजारी उभं राहून लग्नाची सही करायचीय, ती याच हातानं.

काय? … अजिबात नाही! फोन मारामारीच्या आधीपासून चालू होता, सगळं ऐकलं, असं जबाबात लिहिणार? ऐकलं नाहीस तू. शपथेवर खोटं बोलणार, तेही माझ्यासाठी? वेडी आहेस का? तू खोटं बोलत नाहीस म्हणूनच तर जीव जडला तुझ्यावर.

पुकारा झाला? जा मग. … नाही, इकडे पळत येऊ नकोस. तू आलीस की याचं काम झालं, भाऊ सुटला. फोन चालू ठेव आणि…

ए दाढ्या! डोळे मिटू नकोस. दे ना शिव्या! … अगं, हा बोलत नाहीये. गार पडलाय.

थांब, गाडी वाजली… अँब्युलन्स नाही, पोलिसांची जीप आहे. शेजारच्या टायरवाल्यानं फोन केला असणार, खून झाला म्हणून. … तू खरं काय ते कळवलंयस ना? … आत्ता कळवतेस? यांतला ओळखीचा एकही नाही गं.

हो साहेब, मीच. … नाही, हत्यार बादलीत आहे. … साहेब, हात वर नाही करता येणार. केले तर हा मरेल. … पिस्तूल कशाला? रक्त बघा ना, दाबून धरलंय मी… नाही हो, गळा नाही दाबत! तुमच्याच खात्यातल्या मॅडम आहेत फोनवर, विचारा त्यांना…

अगं, तीन मोजतायत.

काय? … तूपण? तूपण वर कर म्हणतेस? … असं नको म्हणूस. मेला तर मेला, असं तू कशी म्हणतेस… कळतंय गं, माझ्यासाठीच म्हणतेयस. मलाही जगायचंय, तुझी शपथ. पण याचा ठोका लागतोय हाताला. अजून लागतोय.

नाही साहेब, नाही काढत. मारायचं तर मारा… अहो, फोनला लाथ नका मा—