उजेडाची बारी

प्रेरणा : मग हे काय आहे, मामाजी? माशांच्या टँकच्या मागं, पेपरात गुंडाळलेलं, निळं निळं?

मारोती : ते व्हय… ते मोरचूद हाये.

प्रेरणा : मोरचूद! माझ्या टँकमध्ये टाकलं तुम्ही?

मारोती : नाही टाकलं न, बाई. टाकलं असतं तं पुडी एवढी भरेल राह्यली असती काय?

प्रेरणा : पुडी उघडलेली आहे. कुठं टाकलं ते सांगा आधी.

मारोती : चिमूटभर घेतलं, लोणच्याच्या बरनीत. ते पाय, खिडकीत ठेवली हाये. गावात विहिरीले शेवाळ धरलं का आमी मोरचुदाचं गाठोडं दोरीनं पान्यात सोडत होतो. आठ दिवसात तळचा गोटा दिसे. मनलं, सूनबाई रोज काच घासते, खांदा दुखते तिचा, आपून एवढं तं करू. आपल्या गावच्या अमरले फोन लावला, त्यानं कृषी केंद्रातून आनून देल्लं.

प्रेरणा : आणि बरणी कशाला?

मारोती : फवारा आधी एका ओळीवर मारून पाहा लागते, मंग पुऱ्या वावरात. बरनीत टाकीतलंच पानी घेतलं, शेवाळ घेतलं, अन् टाकीतल्याच दोन गोगलगाई.

प्रेरणा : मग?

मारोती : शेवाळ गेलं. गोगलगाई बी गेल्या. मंग मी पुडी बांधून ठेवून देल्ली.

प्रेरणा : अहो मामाजी! या डिस्कस माशांचं पाणी किती मऊ ठेवावं लागतं माहीत आहे? त्यात मोरचूद म्हणजे विष. संध्याकाळपर्यंत सातही उलटे तरंगले असते.

मारोती : म्हून तं नाही टाकलं. मी काय एवढा येडा हाव?

प्रेरणा : जाऊ द्या. आता काही फरक पडत नाही. रोशन येतोच आहे चार वाजता.

मारोती : तो मासेवाला? आज आयतवारी कायले?

प्रेरणा : मासे न्यायला. काल सांगितलं ना तुम्हाला, तुम्ही हूं म्हणालात. वणीच्या एका डॉक्टरांना हवे आहेत.

मारोती : मले वाटलं एखाददुसरा नेईन.

प्रेरणा : एकेकटे जगत नाहीत हे. कळपात राहतात. न्यायचे तर सातही.

मारोती : सातही… रुपयाएवढे होते म्हने तू आनले तवा.

प्रेरणा : रुपयाएवढे होते. आता तळहाताएवढे झाले. तीन वर्षं झाली. मला काय हौस आली आहे का द्यायची? पण महिना झाला, थकले मी. साडेसहाला लॅबमधून यायचं, स्वयंपाक करायचा, मग कोपरापर्यंत हात घालून काच घासायची. दुसऱ्या दिवशी घरी यावं तर पुन्हा हिरवीगार. घासायला लागलं की मासे घाबरून दगडावर आपटतात. पाणी रोज बदलावं म्हटलं तर नळ पाचव्या दिवशी, बोअरचं पाणी जड, ते यांना चालत नाही. तो लाल तर काळा पडत चालला आहे, मी टाकलेलं खातही नाही. माझ्या हट्टापायी इथं मरण्यापेक्षा दुसऱ्याकडे जगलेले बरे.

मारोती : कोन, हरण्या? अवो, चांगला हाये तो. काल दुपारी एक वाजता तं पांढरीच्या मांग मांग फिरून राह्यलता.

प्रेरणा : हरण्या कोण?

मारोती : तो लाल. आमच्या बैलाचं नाव होतं. चाल तशीच हाये न त्याची, मान वर करून.

प्रेरणा : आणि दुपारी एक वाजता तुम्हाला दिसला कसा? लाईट पाचला लागतो. दुपारी टँकमध्ये अंधार असतो.

मारोती : खिडकीतून… येते न जरासा उजेड.

प्रेरणा : त्या खिडकीसमोर शेजारच्या विमलताईंची भिंत आहे.

(बेल वाजते. रोशन दोन थर्माकोलचे डबे घेऊन आत येतो.)

रोशन : नमस्कार मॅडम. काकाजी, गुडघा कसा हाये? तीन मजले चढता चढता माहाच गुडघा बोलून राह्यला. या बिल्डिंगले लिफ्ट काहून नाही बसवत बे कोणी?

मारोती : तेच मी मनतो. ऑपरेशन झाल्यापासून खाली उतरलोच नाही मी. दिवाळीपासून.

रोशन : अरे बाप रे, मॅडम! टँक हाये का बगिचा हाये? मासे दिसूनच नाही राह्यले. मांगच्या महिन्यात तं एकदम क्लियर होता.

प्रेरणा : तेच तर. तू सांगितलं ते सगळं केलं. खाणं दोन वेळा, तेही दोन मिनिटांत संपेल एवढंच. फिल्टर धुतला. तू दिलेला तो सकर मासाही ठेवून पाहिला. तो शेवाळ सोडून डिस्कसच्याच अंगाला चिकटायचा.

रोशन : हो, त्याले यांच्या अंगाची चिकटी आवडते. पन लाईट? लाईट किती तास ठेवता?

प्रेरणा : सहा. पाच ते अकरा. म्हणजे टायमरवर सहा. पण तुझा टायमर बोगस आहे, रोशन.

रोशन : दुसरा बी?

प्रेरणा : दुसराही. पहिल्यासारखाच. सकाळी बरोबर लावून जाते, संध्याकाळी येऊन पाहते तर सात-आठ तास मागं. लाईट बंद. मग मी पुन्हा फिरवून लावते.

रोशन : आता मले सांगा मॅडम, मी अर्ध्या यवतमाळले हेच टायमर देल्ले. एकाची बी तक्रार नाही. लाईन जात असन इकडची.

प्रेरणा : मलाही तेच वाटलं. लाईन गेली की त्याचं घड्याळ थांबतं. पण रोज आठ तास लाईन जाते का? विमलताईंना विचारलं, त्या म्हणाल्या, आमच्याकडे तर दिवसभर कूलर चालू असतो.

रोशन : आज किती मागं हाये? दाखवा. आज तं एकदम बरोबर हाये! तीन पन्नास.

प्रेरणा : रविवारी बरोबरच असतो.

रोशन : रविवारी?

प्रेरणा : हो. मागच्या रविवारीही बरोबर होता.

रोशन : म्हंजे तुमी घरी असता तवा बरोबर चालते, अन् ड्युटीवर गेल्या का बंद पडते. मॅडम, त्या डब्बीले रविवार कसा समजते?

मारोती : डब्बीले नाही समजत, बापू. मले समजते.

प्रेरणा : काय म्हणालात?

मारोती : तू दहाले गेली का मी ते डब्बी काढून ठेवतो. लाईटाची पिन सिध्धी बोर्डात लावतो. सहा वाजले का पुन्हा होती तशी करून देतो. आता तिच्यात घड्याळ हाये, अन् ते थांबते, हे मले काय मालूम? मी समजलो नुसती पिन हाये.

रोशन : दहा ते सहा, आठ तास. वरून मॅडमचे साडेसहा ते अकरा. बारा-साडेबारा तास लाईट! काकाजी, शेवाळ नाही होणार तं काय होईन? तुमी तं त्याचं पीकच घेऊन राह्यले.

प्रेरणा : तू थांब, रोशन. मामाजी, महिनाभर? मागच्या आठवड्यात मी मोरीत बसून रडले. तुम्ही दारात उभे होता. तेव्हाही बोलला नाहीत?

मारोती : पाह्यलं न तुले रडताना. म्हून तं मोरचूद आनलं.

प्रेरणा : लाईट बंद करायचं सोडून विष आणलं!

मारोती : लाईट बंद करनं जमून नव्हतं राह्यलं मले.

प्रेरणा : का पण?

मारोती : काय सांगू आता, या पोराच्या समोर.

रोशन : मी खाली जाऊन उभा राहू काय?

मारोती : नोको, तीन मजले कायले उतरतं. आयक. हे सूनबाई जाते दहाले. माहा पोरगा अंकुर तिकडे गडचिरोलीले नोकरीवर, पंधरा दिवसातून एक खेप येते. मंग घरात आवाजच नाही. टीव्ही लावला तं तो आपलाच बोलते, मले काही इचारत नाही. गावात असतो तं ओट्यावर बसलो असतो, चार मानसं जाता-येता थांबतेत. इथं दाराले कोन हात लावते? एक दिवस सहज ते पिन लावली. उजेड पडला, अन् मी खुर्ची सरकवली का नाही, सातही तोंडं काचेपाशी आली. मी इकडे झुकलो तं तेही इकडे. मी तिकडे तं तेही तिकडे. तुही सासू लीलाबाई गेल्यापासून मी घरात आलो म्हून कोनी असं उठून आलं नव्हतं, बाई. मंग सवयच पडली.

प्रेरणा : मला सांगायचं ना.

मारोती : लाज वाटली. पोराच्या घरी येऊन बसलो, सून कमावून आनते, अन् म्हाताऱ्याले मासे पाहाले लाईट पायजे! कोन्या तोंडानं सांगू? मनलं, घासते ते, निघून जाईन. नाही निघालं. तू मासे द्याच्या गोष्टी करू लागली, तवा माहं जेवन तुटलं. दोन दिवसापासून मनून राह्यलो, आज सांगतो, आज सांगतो. त्या डाक्टरले देल्ले तं देल्ले, पन माह्यापायी जाऊन राह्यले हे तुले कळू नये, असं बी वाटलं. खोटं कायले बोलू.

रोशन : मॅडम… मी डब्बे भरू का नोको? डॉक्टर साहेबाचा फोन येईन.

प्रेरणा : रोशन, लाईट बरोबर ठेवला तर हे जाईल का? खरं सांग.

रोशन : शंभर टक्के. तीन दिवस टँकवर गोधडी टाकून पुरा अंधार करा. मासे मरत नाहीत, खाणं बी देऊ नका. वरची सगळी काई मरते, चवथ्या दिवशी एकदा काच घासा, नळाचं भरून ठेवेल पानी टाका. त्याच्यानंतर सहा तासाच्या वर एक मिनिट नाही.

मारोती : म्हंजे ते पाच ते अकराच.

रोशन : तसं काही नाही. माशाले कोनते बी सहा तास चालते. सलग बी पायजे असं नाही.

प्रेरणा : कोणतेही?

रोशन : मंधात बंद ठेवून दोन भाग करा. उलट शेवाळाले ते मानवत नाही.

प्रेरणा : मामाजी, दुपारी तुम्हाला सगळ्यात जड कधी जातं?

मारोती : आता ते कायले इचारतं? ठेव न तू तुह्या टायमावर. दिवसभर राबून येतं, तुले पाहाले नोको काय? मी बसीन, पोथी वाचीन.

प्रेरणा : तुम्हाला पोथीतली अक्षरं दिसत नाहीत. कधी ते सांगा.

मारोती : जेवन झाल्यावर. एक वाजला का. चारपर्यंत घड्याळ हलतच नाही.

प्रेरणा : मग एक ते चार तुमचे. सात ते दहा माझे.

रोशन : झाले सहा! काकाजी, वाटणी झाली तुमची.

मारोती : वाटनी नाही, बारी. आमची विहीर सामाईक होती, लहान्या भावाची अन् माही. तीन दिवस त्याची मोटर, तीन दिवस माही. भांडलो, चार वर्सं एकमेकाच्या घरचं पानी नाही पेलो, पन एकमेकाच्या बारीत मोटरीच्या बटनाले हात नाही लावला कोनी. अन् म्हातारपनी सुनेची बारी चोरली मी.

प्रेरणा : चोरली कशी? ठरलीच कुठं होती? आता ठरली.

मारोती : आता नाही लावनार हात. लीलाबाईची आन.

प्रेरणा : रोशन, त्या डॉक्टरांना सांग, मासे नाही द्यायचे.

रोशन : मले वाटलंच. रिकाम्या हातानं तीन मजले उतरा आता. निदान ते मोरचूद तं द्या इकडे, पुन्हा कोनाच्या हाती नोको लागाले.

मारोती : घेऊन जा, बापू. बरनी बी ने.

प्रेरणा : बरणी राहू दे, सासूबाईंची आहे. पाणी ओतून मी नीट धुऊन घेते. आणि गोधडी उद्यापासून टाकू. आज रविवार आहे, आज सगळ्यांना डोळे भरून पाहून घेऊ.

रोशन : येतो मॅडम. काकाजी, हरण्याले रामराम.

मारोती : तुले कोनी सांगितलं त्याचं नाव?

रोशन : बेल वाजवाच्या आधी दोन मिनिटं दाराबाहेर धापा टाकत उभा होतो न. सगळं आयकू येते.

प्रेरणा : गेला बघा, कसा पळाला. …मामाजी, बटाटे भाजते सात वाजता. की पोहे करू?

मारोती : कर काही बी. मी आत जाऊन पडतो जरासा. सात ते दहा तुही बारी हाये, तू पाय निवांत.

प्रेरणा : बारीवर तुम्ही एकटे जायचे का?

मारोती : नाही. लीलाबाई येत होती. कांदाभाकर घेऊन बांधावर बसे. काही करत नव्हती बिचारी, नुसती बसून राहे. पन तिच्यानं बारी सरून जाये.

प्रेरणा : मग माझ्या बारीवर मी एकटी बसू?

मारोती : हरण्या हाये न सोबतीले.

प्रेरणा : एक वाजता हरण्या काय करतो, दोन वाजता काय करतो, मला काहीच माहीत नाही. तीन वर्षं झाली, मी फक्त काच घासली.

मारोती : लई गोष्टी हायेत त्याच्या. तीन तास नाही पुरनार.

प्रेरणा : हळू, हळू. गुडघा सांभाळा. सातसाठी खुर्ची मी आणून ठेवते.

मारोती : राहू दे. आनतो मी.