कॅसेटची दुसरी बाजू

नाही, पण कावळ्याला काय कळतं हो इंग्लिश गाण्यातलं? तुम्हीच सांगा. मला कळत नाही, मी चौथीतच शाळा सोडली, पण मी निदान माणूस तरी आहे... आणि आता सगळा गाव मला वाटेत अडवून विचारतो, सदू, भावाला दिलेला शब्द पाळलास का? अरे पाळतोय, पाळतोय. पण शब्द कसला दिलाय ते तरी बघा.

तुम्हाला सांगतो, रघू माझा थोरला भाऊ. मुंबईला हॉटेलात वेटर होता, तेव्हा एका टेबलावर कोणीतरी कॅसेट विसरून गेलं. दुसऱ्या कोणी मालकाकडे दिली असती, ह्याने खिशात घातली. वर चार दाढीवाल्यांचा फोटो, कोणीतरी आत्ताच शिव्या दिल्यासारखे चेहरे, तिघांच्या गळ्यात गिटारी आणि एक ढोलांच्या मागे. झालं. मुंबई सुटली, गावाला येऊन घरच्या आंब्याच्या कलमांची राखण धरली, काशीवहिनी आली, पोरगी झाली, पण दाढीवाले काही सुटले नाहीत. हा झाडावर, टेप खाली, आणि टेपच्या बाजूला करंडीत आंबे भरत मी. वरून ओरडायचा, "सद्या, आता ऐक, आता बघ सूर कसा वळतो." मी म्हणायचो, वळू दे. मला त्यातलं काय कळतं? कळायचं ते रघूला.

आणि आमचा आप्पा, म्हणजे बाप, शिमग्याला घरोघर नाचत फिरणाऱ्या खेळ्यांच्या नमनात मृदंग वाजवणारा. तो दारापुढच्या खळ्यातून बोंबलायचा, "बंद कर ती धडधड, रघ्या. झाडाला मोहोर धरायचा नाय."

"आप्पा, हे पण तिकडचे खेळेच हायत."

"असले खेळे माझ्या अंगणात येते तर नारळ पण दिला नसता, मेल्या."

मग काय झालं, दाढीवाले म्हातारे झाले आणि बिघडले. हे माझं नाही, रघूचं म्हणणं. ढोल टाकून यंत्रं घेतली, मागे गाणाऱ्या बायकांचा घोळका उभा केला, आणि इकडे हा पडवीत तोंड पाडून बसलेला, जशी काय घरातलीच म्हैस विकली. नवीन कॅसेट आली की एकदा ऐकायचा आणि जुनी लावायचा. असं वर्षानुवर्षं. आणि ह्या वर्षी, दोन हजार चार साली, आंब्याच्या ऐन दिवसांत स्वारी रत्नागिरीहून नाचतच आली. एसटी स्टँडजवळ झैनचं कॅसेटचं दुकान आहे, त्याने कॉम्प्युटरवर वाचलेलं. "सद्या, दाढीवाले परत आले रे. यंत्रं दिली टाकून. पहिल्यांदा ज्या गॅरेजात वाजवायचे ना, तिथेच बसून नवीन भरलंय. चौघंच. जुन्यासारखं." मी काय म्हटलं? म्हटलं, बरं झालं, करंडी सरकव.

त्याच आठवड्यात फांदी मोडली. उंच नव्हती हो. मी त्याहून उंचावरून पडलोय आणि उठून जेवलोय. तो उठला नाही. खाली टेप आपला चालूच.

आता दहावा. पऱ्याच्या, म्हणजे आमच्या ओढ्याच्या काठी, कातळावर पिंड ठेवला. कावळा हजर, समोर भेंडीच्या झाडावर, मान वाकडी करून बसलेला... पण खाली येईल तर शपथ. भटजी म्हणाले, "काहीतरी मनात राहिलंय त्याच्या. शब्द द्या." भागोजीकाका पुढे झाला, "रघू, काशीला उघड्यावर पडू देणार नाय." कावळ्याने चोच फांदीला घासली. आप्पा म्हणाला, "तुझ्या पोरीला शिकवीन." कावळ्याने पाठ फिरवली. कलमं विकणार नाय, झालं. घरावर कौलं घालू, झालं. शेवटी काका घाम पुसत म्हणाला, "बरं बाबा, तो हद्दीचा दगडी गडगा मी तुझ्या बाजूला सरकवलाय, तो परत मागे घेतो." आम्हाला कोणाला माहीतच नव्हतं सरकवलाय ते! आप्पा काकाकडे बघतोय, काका कावळ्याकडे बघतोय, कावळा पऱ्याकडे बघतोय, डोक्यावर ऊन चढलंय, आणि भटजींनी हळूच दर्भ काढला. "वेळ होते आहे. दर्भाचा कावळा करून शिववतो."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे गवत लावायचं आणि घरी जायचं? माझ्या भावाला असं गवताने वाटेला लावायचं? मी त्यांचा हात धरला आणि तोंडाला आलं ते ओरडलो, "रघू, दाढीवाल्यांची नवीन कॅसेट तुला ऐकवीन. सबंध ऐकवीन."

कावळा उतरला. दोन उड्या, आणि चोच मारली.

बायकांनी हंबरडा फोडला. काका हळूच विचारतो, "कोण रे दाढीवाले?" आणि भटजी हात जोडून, "असतील कोणी महाराज." झालं ना? आता गावभर तेच. सदू, महाराजांचं झालं का? सदू, महाराजांचा मठ कुठे? काय सांगू? मला त्यातलं काय कळतं? कळायचं ते रघूला.

गेलो झैनकडे. बाजारात दुसरी दुकानं पण पालथी घातली, गणपतीच्या आरत्या आहेत, कव्वाल्या आहेत, कोळीगीतं आहेत, दाढीवाले कुठेच नाहीत. झैन म्हणाला, "सदूभाई, ह्याची कॅसेट निघालीच नाय, सीडी निघालीय. कुवेतला माझा मामू आहे, तो पाठवेल, मी कॅसेटवर भरून देतो." पाठवली मामूने. रिकाम्या कॅसेटवर दोन्ही बाजू भरून झैनने माझ्या हातात ठेवली. मी विचारलं, कशी आहेत गाणी? तर म्हणतो, "मी आवाज बंद करून भरली. रघूभाईच्या अगोदर मी कसा ऐकू?" त्याच्या दुकानात, तीन गिऱ्हाइकांसमोर, मला रडू आलं. आणि तो लगबगीने पंखा पुसायला लागला.

टेपमध्ये नवे सेल घातले आणि त्याच कलमाखाली बसलो. लावली पहिली बाजू. बाहेर काय आलं म्हणता? धडधड. तीच. म्हातारे आवाज, एकाचा तर श्वास पण ऐकू येतो, गिटार खरखरते, आणि मागे तो ढोल. मी आपला वर बघतोय... आता बोलेल, सद्या, बघ कसा वळतो. चांगलंय की वाईट, कोणीतरी सांगायला नको? मला त्यातलं काय कळतं?

तेवढ्यात मागे पाचोळा वाजला. आप्पा. म्हटलं आता टेप पऱ्यात जातो. तर तो गुडघे धरून बाजूला बसला. थोड्या वेळाने बघतो तर त्याची बोटं मांडीवर चाललेली. मृदंगावर चालतात तशी.

"हात आहे ह्या ढोलवाल्याला," म्हणाला. "हे रघ्याने ऐकायला पायजे होतं."

पहिली बाजू संपली. खट्.

"दुसरी लाव," आप्पा म्हणाला.

मी कॅसेट उलटी केली आणि हात तिथेच राहिला. सबंध ऐकवीन म्हटलंय ना मी? मग ही संपली की झालं. शब्द पुरा, इच्छा पुरी, रघू मोकळा. आणि आम्ही?

"सेल संपले," मी म्हटलं.

आप्पाने टेपकडे बघितलं. लाल दिवा ढळढळीत पेटलेला. "संपले वाटतं," म्हणाला, आणि उठला.

तुम्हाला सांगतो, तेव्हापासून रोज तेच. मी बाजारातून आलो की आप्पा खळ्यातून विचारतो, "सेल मिळाले?" मी म्हणतो, नाय मिळाले. आणि हा आमचा बाप, स्वतःची बॅटरी पेटवून, तेच मोठे सेल आत घातलेली बॅटरी माझ्या तोंडावर मारून सांगतो,

"राहू दे रे. अख्ख्या रत्नागिरीत मिळत नायत."