तांड्यातल्या शाळेत दोन बाया

माझं माहेर पोखर्णीजवळचं. दोन बहिणी आमी, मी थोरली, सुमन धाकटी, आन् पयलंच सांगून ठेवते, मी लहानपणापासून जळकुकडी. आता ह्या वयात खोटं कशाला बोलू. नरसिंहाच्या जत्रंतून वडलांनी दोघींना सारख्याच बांगड्या आणल्या तरी मी माझ्या बघायच्या सोडून सुमनच्या हाताकडं बघत बसायची. आई म्हणायची, हिच्या ताटात कितीबी वाढा, हिचं ध्यान दुसरीच्याच ताटात. वडलांना शिकवायची लय हौस. निजामाच्या राज्यात ते शाळेत गेले तर तिथं उर्दू, घरी मराठी, मास्तर काय म्हणतो ते कळंपर्यंत छडी बसायची, म्हणून दोन वर्षातच शाळा सोडून बैलामागं गेले. म्हणून पोरींना शिकवायचंच, असं त्यांचं. मला पार परभणीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला ठेवलं. सुमनला न्हाई ठेवलं, तिला शाळाच आवडत नव्हती. तेवढ्या एका बाबतीत मी जिंकले.

लग्न झालं जिंतूरकडं, डोंगरपट्ट्यात. सासरी शेती, मालक शेतीच बघायचे, माणूस गरीब स्वभावाचा. नामांतराची दंगल झाली, लोकांची घरं जाळली, त्या साली आमच्या भागात लय वाईट दिवस होते, त्याच्या पुढच्या साली मला जिल्हा परिषदेची आर्डर आली. शाळा कुठं, तर आमच्या गावाच्या ओढ्यापलीकडं, बंजाऱ्यांच्या तांड्यावर. एक खोली, एक बाई, चार वर्ग. सासूबाई म्हणल्या, तांड्यावर कोण शिकतंय, जा, बसून पगार घे. पण मी तशी न्हाई. मी घरोघर फिरून लेकरं गोळा केली. दिवाळी झाली की निम्मा तांडा ऊसतोडीला जायचा, लेकरांसकट, तर मी म्हाताऱ्या माणसांच्या पाया पडून सांगायची, नातू तुमच्यापाशी ठेवून घ्या, मी बघते. डोक्याला तेल लावायची, नखं काढायची, माझ्या डब्यातली भाकरी मोडून द्यायची. एवढं केलं बगा.

आन् माझा वर्ग कसा होता म्हणाल, तर असा शांत की बाहेर शेळी चरायली तर तिचं चावणं ऐकू यावं. साहेब लोक यायचे, म्हणायचे, बाई, तुमच्या लेकरांना शिस्त लय हाय. मी फुलून जायची. मी म्हणायची कमळ, लेकरं म्हणायची कमळ. मी म्हणायची माझ्या मागं म्हणा, तर तीबी म्हणायची, माझ्या मागं म्हणा. मी हसायची. त्यांना घरी गोरमाटी, त्यांची बंजाऱ्यांची बोली, मराठी कानावर पडायची ती बाजारातच, हे मला मालूम होतं, पण मला वाटायचं, होईल की हळूहळू, लेकरूच हाय. माझी ती लेकरं होती. मला दोन पोरं घरची, पण जीव तांड्यावर जास्त. त्यांनी मला आपली म्हणावं, एवढीच माझी भूक होती, दुसरं काई न्हाई.

मंग पंचायत समितीत ते नवे सभापती आले. त्यांच्या डोक्यात आलं की तांड्यावरची लेकरं पयलीतच गळतात, ती भाषेमुळं, तर पयल्या वर्गाला त्यांच्याच बोलीत सुरुवात करायची, तिथून मराठीवर आणायचं, आन् त्यासाठी तांड्यातलीच शिकलेली बाई मदतनीस म्हणून घ्यायची. तसा ठरावच झाला. विस्तार अधिकारी मला सांगायला आले, बाई, तुमचा भार हलका होईल. मी म्हणले, मला भार कुठं झालाय साहेब. ते हसले. त्यांना वाटलं मी गोड बोलायली.

जमना आली ती अशी. नायकाची सून. नायक म्हणजे तांड्याचा मुख्य माणूस. आश्रमशाळेत नववी शिकलेली, बारीक चणीची, डोक्यावरून पदर, हातात कोपरापासून वर बांगड्या. आली ती थेट खाली लेकरांत मांडी घालून बसली आन् काय बोलली काय की, एक वाक्य बोलली असंल. बाई बाई बाई, जी लेकरं माझ्यापुढं देवळातल्या दगडासारखी बसायची ती सगळी एकदम बोलायला लागली. एक उठलं, दुसरं त्याला ओढायलं, तिसरं हात वर करून कायतरी सांगायलं, पोरी तर तोंडावर हात ठेवून हसायल्या. मी खुर्चीवर बसून बघायले. त्यातली काही लेकरं मी तीन-तीन वर्ष सांभाळलेली, आन् त्यांचा आवाज कसा हाय हे मला त्या दिवशी कळलं. एका पोरानं कायतरी सांगितलं आन् सगळा वर्ग खदखदला, जमनाबी हसली. मी विचारलं, काय म्हणला गं तो. ती म्हणली, काई न्हाई बाई, असंच. असंच म्हणजे काय? माझ्या वर्गातलं हसणं मला सांगायला तुझ्याच जिभेवर का येत न्हाई? हे मी मनात म्हणले, वरून म्हणले, बरं.

तवापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते दुखायलंच. माझी शांतता गेली, ते एक. दुसरं म्हणजे लेकरं सकाळी मला वाटंत गाठायची, ओढ्यापाशी येऊन उभी राहायची, ती आता जमनाच्या दारात गोळा व्हायली. ती येताना मागं हे लेंढार. मी एकटी ओढा ओलांडून येणार, चप्पल हातात, आन् समोरून ती अशी वरात घेऊन. तुमाला खोटं वाटंल, सवतीचंबी एवढं वाईट वाटत नसंल. मालकांना सांगितलं तर ते म्हणले, तुला पगार कमी झाला का? न्हाई. मंग काय तकलीफ हाय? आता ह्या माणसाला काय सांगावं.

मी तिचे दोष काढायला लागले. फळ्यावर तिचं अक्षर वाकडं. उशिरा येती. गाणी जास्त, अभ्यास कमी. आन् देवानं माझं ऐकलं म्हणावं तर तांड्यातच नाराजी निघाली. नायकच म्हणायला लागला, हे काय चाललंय, गोरमाटी तर आमी घरी बोलतोच, त्यासाठी शाळंत कशाला धाडायचं? सेलूला कापूस नेला तर तिथं व्यापारी मराठीत बोलतो, कोर्टकचेरीत मराठी, आमाला आमचीच बोली शिकवून इथंच ठेवायचा बेत हाय का? खुद्द सासरा सुनेच्या विरोधात. मला लय बरं वाटलं. मी त्याला म्हणले, नायकदादा, तुमी हे साहेबांपुढं बोला, मी साहेबांना बोलावते. आन् बोलावलं.

शाळेपुढं कडुनिंबाखाली सभा बसली. विस्तार अधिकारी खुर्चीवर, माणसं पुढं, बाया लांब. नायक बोलला, चांगला बोलला. साहेब मान हालवायले. मला वाटलं, झालं, उद्यापासून वर्ग माझा. तेवढ्यात साहेब म्हणले, बाया काय म्हणतात ते तर ऐकू. बायांना मराठी धड येईना, त्या गोरमाटीत बोलायल्या आन् जमना उभी राहून साहेबांना मराठीत सांगायली. एक म्हातारी बोलली ते तिनं असं सांगितलं, की ही म्हणती, आधी माझा नातू सकाळी शाळंचं नाव काढलं की रडायचा, चुलीमागं लपायचा, बाई लय मायाळू हाय, पण तिच्यापाशी बसायला त्याला भ्या वाटायचं, आता रडत न्हाई. दुसरी तेच बोलली. तिसरीबी तेच.

रडायचा? माझ्या लेकरानं रडावं आन् मला कुणी सांगूबी नये? मी त्याला तेल लावायची, भाकरी द्यायची. आन् मला सांगणार कोण आन् कशी, मला त्यांचं कुठं कळत होतं, त्यांना माझं कुठं कळत होतं. हे सगळं तिथंच, चारचौघांत, जमनाच्या तोंडून ऐकायचं माझ्या नशिबी होतं. नायक खाली बघायला लागला. साहेब म्हणले, सहा महिने अजून बघू, पोरं मराठीत मागं पडली तर बंद करू.

न्हाई पडली मागं. हे मी कबूल करते, करावंच लागतं, दिवाळीनंतर त्यातली लेकरं मराठी पुस्तक वाचायला लागली, कळून वाचायला, आन् त्यांचं मराठी माझ्याच पुस्तकातलं, माझ्याच तोंडचं होतं. पण नाव कुणाचं झालं? पंचायत समितीत जमनाला शाल दिली. मला बोलावलं होतं टाळ्या वाजवायला. मी वाजवल्या.

मंग मी काय केलं, मी गोरमाटी शिकायला लागले. लपून. आमच्या गावात तांड्यातली एक म्हातारी लाकडं विकायला यायची, तिला मी चहा पाजून बसवायची आन् विचारायची, जेवलास का म्हणायचं तर कसं म्हणतात, तुझी याडी कुठं हाय कसं म्हणतात. याडी म्हणजे आई. ती म्हातारी हसून हसून बेजार. चार-सहा वाक्यं पक्की झाल्यावर एक दिवस जमना आली नव्हती, तिला ताप होता, मी म्हणले, आज. खुर्ची सोडून खाली बसले आन् गोरमाटीत विचारलं, जेवलात का रे. लेकरं एकमेकांकडं बघायला लागली. हसलीबी न्हाईत, हसली असती तर चाललं असतं. एक पोरगी उठली, शहाणी पोरगी, आन् मला चांगल्या मराठीत म्हणली, बाई, तुमी मराठीतच बोला, आमाला कळतं आता. माझ्यावर दया आली होती बगा तिला. मी परत खुर्चीवर जाऊन बसले आन् पाढे घेतले.

तशी मी तिथंच राहिले, वर्षं गेली. जमनाचं माझ्याशी कधी वाईट वागणं न्हाई, बाई बाई करायची, तिच्या पोराच्या जावळाला मला पयलं ताट. ती वाईट असती तर मला किती सोपं गेलं असतं. नामांतराचा निकाल लागला, विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं, त्या साली माझी बदली झाली. पोखर्णीच्या रस्त्यावरची शाळा, एसटी दारात, माहेर जवळ. मालक म्हणले, देव पावला. मीबी म्हणले, पावला.

शेवटच्या दिवशी मी कपाटाची किल्ली दिली, लेकरांना पेढे दिले, निघाले. तर नायकाच्या दारापुढं बाया उभ्या, दहा-पंधरा. त्यातली एक म्हातारी पुढं आली, माझ्या गळ्यात हात टाकले, खांद्यावर डोकं टेकवलं आन् मोठ्यानं रडायला लागली. नुसतं रडणं न्हाई, सुरात, शब्द जोडून जोडून, हुंदका देऊन परत सूर. मला वाटलं, कोण मेलं की काय. मी तशीच उभी, हातात पिशवी. एक झाली की दुसरी गळ्यात. जमना पळत आली आन् माझ्या कानाशी म्हणली, बाई, हा ढावलो हाय. लेक सासरी निघाली की आमच्यात असं गाऊन रडतात. तुमाला लेक म्हणून वाटं लावायल्या.

मी म्हणले, काय म्हणायल्या गं त्या? ती सांगायली, म्हणायल्या, ओढ्याचं पाणी गुडघ्याला लागायचं तरी तू यायचीस, आता आमी कुणाची वाट बघावी. म्हणायल्या, परक्याच्या पोटची पण आमच्या लेकरांचं नाक पदरानं पुसलंस. माझ्या डोळ्याला धार लागली. बाया थांबून माझ्या तोंडाकडं बघायल्या. जमना म्हणली, बाई, लेकीनं उत्तर द्यायचं असतं. तुमाला येणार न्हाई. तुमी मला सांगा काय म्हणायचं, तुमच्याकडून मी गाते.

आता सांगा, काय करावं माणसानं. मी तिच्या कानात म्हणले, सांग, मला जायचं न्हाई. एवढंच. तिनं त्या म्हातारीच्या गळ्यात माझ्या जागी हात टाकले आन् गायला लागली. काय गळा होता तिला, मला इतक्या वर्षात मालूमच नव्हतं. बाया अशा रडल्या, अशा रडल्या, नायक उठून मागच्या दारानं गेला. आन् त्या रडायल्या तर तवाबी माझ्या मनात आलं, ह्या माझ्यासाठी रडायल्या का हिच्या आवाजासाठी.

आता मी परभणीला लेकाकडं असते. पेन्शन हाय, सुना बऱ्या हायत. जमना पुढं बाहेरून परीक्षा देऊन मास्तरीण झाली, त्याच शाळंत, असं ऐकते. देव तिचं भलं करो, तिच्या हाताखाली लेकरं शिकोत, हे मी मनापासून म्हणायले, पण माझ्यापुढं तिचं कौतुक कुणी करू नये, अजूनबी मला सोसत न्हाई. आन् एक गोष्ट हाय, ती कुणाला विचारावी कळत न्हाई. मी तिला तीनच शब्द सांगितले होते. ती गायली ते पार उन्हं खाली येईपर्यंत. माझं म्हणून ती एवढं काय काय गायली, ते मला अजून मालूम न्हाई.