वय थांबवणारी गोळी

औषधांच्या दुकानात माझ्यापुढे दोघी बहिणी उभ्या होत्या. धाकटी एका बाटलीवरचं वाचत होती.

"ताई, रोज एक गोळी घेतली की वय थांबतं म्हणे."

"कुठं थांबतं? आहे तिथंच?"

"बहुतेक."

"मग मागं कधी जातं?"

"मागं जातं असं नाही लिहिलेलं. खाली बारीक अक्षरात तर लिहिलंय, परिणाम व्यक्तीनुसार बदलतो."

"म्हणजे एखादीचं वाढतंसुद्धा?"

"काय माहीत! पण तुला या वयात कशाला गं हे खूळ? भाऊजी काही बोलले का?"

"रोज विचारतात, माझी बायको कुठं गेली."

"मग तू काय सांगतेस?"

"येईल हं इतक्यात, म्हणते. तर म्हणतात, बरं आई, ती आली की मला उठव."

धाकटीनं बाटली थोरलीच्या हातात ठेवली.

"विचार ना गं, मोठी बाटली आहे का."