लेकीचा स्टीलचा फिल्टर

चहा घ्या, पण माझ्या लेकीच्या मोटारसायकलला नावं ठेवू नका. पाचूबंदरची मासळी ती रोज त्याच गाडीवरून माणिकपूरला विकायला नेते. इंजिन बसलं तर सगळा माल कुजायचा. तरी बयेने ऑइल फिल्टर आणला तो स्टीलच्या जाळीचा, धुवून परत वापरायचा!

मी भडकलो. "कागदाचा घे गं. घाण झाला की फेकायचा, नवा बसवायचा. फिल्टर काय धुवायची वस्तू आहे?"

ती म्हणाली, "बाबा, जाळ्यात चिखल बसला की तू जाळं धुतोस की फेकतोस?"

फिल्टर बसवणारा मेकॅनिक हसला. मी त्यालाच शिव्या घातल्या.

गाडी अजून एकदाही अडली नाही. आता फिल्टर रॉकेलमध्ये मीच धुतो, जाळ्याशेजारी वाळत ठेवतो. बंदरावर कोणी विचारलंच तर सांगतो, "आमच्या घरातलं सगळ्यात बारीक जाळं आहे हे. पोरीने आणलंय."